बाहेरचं खात नाही

कप बशीवर वाजला तेव्हा तिला आधी वाटलं, खालून एखादा मालट्रक गेला असेल. हॉस्पिटलच्या कॅन्टीनच्या खिडक्या कशानेही खडखडायच्या. लिफ्ट सुरू झाली तरी. तिने खिडकीकडे पाहिलं. खिडकी गप्प होती. पलीकडच्या टेबलावर दोन वॉर्डबॉय चहा पीत होते, त्यांचे कप शहाण्या मुलांसारखे जागच्या जागी. वाजत होता तो तिचाच. तिने कप खाली ठेवला, उजवा हात मांडीवर घेतला आणि त्याच्यावर डावा ठेवला. पाहुण्यांसमोर मूल काही भलतंच बोलून गेलं की आई त्याच्या तोंडावर ठेवते तसा. मग आजूबाजूला पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. त्याने तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचीच मग भीती वाटली. निवत चाललेल्या चहाकडे बघत ती बसून राहिली आणि ध्यानीमनी नसताना तिला आईची पाठ दिसली. आई चहा पिताना नेहमी तशीच दिसायची: स्वयंपाकघराच्या भिंतीकडे तोंड करून, अर्धाच भरलेला कप दोन्ही हातांत धरून. अर्धाच का गं घेतेस, असं विचारलं तर म्हणायची, मला पुरतो.

प्रयोगशाळेत रक्त काढायचं काम तिचं. नाव तिलाही होतं, पण ते हजेरीपटावरच राहायचं; एरवी सगळ्यांच्या तोंडी ती सुई. म्हातारी माणसं, भेदरलेली पोरं, औषधांनी शिरा कडक झालेले पेशंट, सगळे फिरून फिरून शेवटी तिच्याच खुर्चीसमोर यायचे, कारण दुसऱ्यांना डोळ्यांनी न दिसलेली शीर तिच्या बोटाला लागायची. झालं का, असं विचारत माणूस डोळे उघडायचा तोवर ती कापूस दाबून धरत असायची. त्या दिवशीही कॅन्टीनमधून वर आल्यावर तिने काम केलं, आणि काही चुकलं नाही. मनगट पेशंटच्या हातावर टेकवलं की हात स्थिर राहत होता. टेकवलं की. हे 'टेकवलं की' पूर्वी नव्हतं. पूर्वी हात हवेतून यायचा आणि बसायचा, फांदीवर पाखरू बसतं तसा, फांदीला न कळता. मेंदूच्या डॉक्टरांची खोली तिच्याच मजल्यावर, काही दारं सोडून पलीकडे होती. त्या दारावरून ती इतकी वर्षं रोज गेली होती. त्या दिवसापासून ती लांबच्या जिन्याने जाऊ लागली, आणि कुणी विचारलं तर म्हणायची, तेवढंच चालणं होतं.

सहल मात्र त्याच्याही आधी ठरलेली होती. ती ठरवली होती आहाराचं बघणाऱ्या बाईने. वॉर्डावॉर्डातून फिरताना तिच्या तोंडात एकच शब्द असायचा, त्यामुळे तिचं नाव पडलं होतं पथ्य. लोकांना उकडलेलं आणि बेचव सांगणारी ही बाई स्वतः मात्र खाण्यावर जीव टाकायची. डोंगरातल्या त्या रस्त्यावर कुठल्या वळणावर कुणाचं सूप, कुठल्या खिंडीत कुणाच्या भट्टीचा पाव, हे तिने भेटेल त्याला विचारून तोंडपाठ केलं होतं. "लोक देखावे बघायला जातात," ती म्हणायची, "पण पोट रिकामं असेल ना, तर डोंगर म्हणजे नुसता दगड." गाडी चालवणार होती मेट्रन. निवृत्त होऊन वर्ष उलटलं तरी तिचं मेट्रनपण सुटलं नव्हतं, आणि या दोघींचं तिला अहोजाहो करणंही. तिघींची मैत्री वर्षानुवर्षांची, आणि तिला नियम म्हणून एकच होता: डबे एकदम उघडायचे. एकीला उशीर झाला तर बाकीच्या दोघी थांबणार. हे कुणी कधी ठरवलं नव्हतं. एकदा मेट्रन ऑपरेशन थिएटरमध्ये अडकली ती थेट दिवेलागणीला बाहेर आली, तर दोघी बंद डब्यांसमोर बसलेल्या. पथ्य कुरकुरत होती, "आता मेट्रनबाई येईपर्यंत मीच ॲडमिट होते," पण डब्याच्या झाकणाला तिने बोट लावलं नव्हतं. सुईला ते दृश्य फार आवडायचं. देवळात गाभाऱ्याचं दार उघडायची वाट बघत माणसं बसतात, तसं काहीतरी त्यात आहे असं तिला वाटायचं; बोलून मात्र कधी दाखवलं नव्हतं, कारण पथ्य हसून हसून लोळली असती.

शहर मागे पडलं तेव्हा ऊन कोवळं होतं. रस्ता आधी शेतांमधून सरळ गेला, मग नदीच्या कडेने वाकला, आणि मग एकदम वर चढू लागला. मेट्रन दोन्ही हातांनी चाक धरून, पुढे वाकून, एखाद्या दंगेखोर पेशंटला ताब्यात ठेवावं तशी गाडी चालवत होती. पथ्य तिच्या शेजारी. सुई मागे एकटी, खाऊच्या पिशव्यांबरोबर. खिडकीतून डोंगर आत येत होते आणि जात होते. त्यांच्या अंगावरची झाडं उन्हात ओली असल्यासारखी चमकत होती. तिला बरं वाटत होतं. हात मांडीवर पडला होता आणि पडलेला हात कधीच हलत नसे, हे तिने आता ओळखलं होतं. तो हलायचा काही करायला गेला की. काही घ्यायला, काही द्यायला, काही तोंडाशी न्यायला. बसून राहिला तर इतका शांत, की बघणाऱ्याला वाटावं ही बाई जप करते आहे. जप ती करायचीही. रोज पहाटे, घरात कुणी उठायच्या आत, दिवा लावून बसायची, आणि तो संपेपर्यंत एक अक्षर बोलायची नाही. नवराही इतक्या वर्षांत शिकला होता की त्या वेळात किल्ल्या सापडेनात तर त्या आपल्या आपण शोधायच्या. नेम हा तिचा शब्द होता. तो तिने आईकडून घेतला होता, जशा शेजारपाजारच्या मुली आईच्या बांगड्या घेतात.

पहिल्या घाटाच्या माथ्यावर ती खानावळ आली. लाकडी बाकं, धुरकट काच, आणि काचेच्या पलीकडे अख्खी दरी. "इथलं मशरूमचं सूप," पथ्य हात चोळत म्हणाली, "मला एका हाडांच्या डॉक्टरने सांगितलंय, आणि तो बायकोचं सुद्धा कौतुक करत नाही." मालकाने तीन खोल वाट्या आणून ठेवल्या. काठोकाठ. त्यावर लोणी वितळत होतं आणि त्याची पिवळी वर्तुळं हळूहळू रुंदावत होती. सुईने वाटीकडे पाहिलं, मग चमच्याकडे. मग तिला दिसलं ते वाटीपासून तोंडापर्यंतचं अंतर. दरीपेक्षा ते मोठं होतं. या अंतरात काय काय होईल ते सगळं तिने बघितलं: चमचा दातावर वाजेल, सूप हनुवटीवरून गळ्यापर्यंत जाईल, मेट्रनची नजर आधी हातावर आणि मग चेहऱ्यावर येईल, ती वॉर्डातली नजर, जिच्यापासून इतक्या वर्षांत एकही ताप लपला नव्हता. आणि त्या नजरेच्या मागे सोमवार असेल, प्रयोगशाळा, तिची खुर्ची आणि खुर्चीत दुसरंच कुणीतरी. "मी नाही खायची," ती म्हणाली. "बाहेरचं खात नाही मी सध्या. नेम आहे." शब्द तोंडातून गेले तेव्हाच तिला कळलं, ते तिचे नव्हते. शब्दच नव्हेत, आवाजही तिचा नव्हता. तो मऊ, जरासा अपराधी, पुढच्या प्रश्नाला जागा न ठेवणारा आवाज आईचा होता.

"अगं मग आधी नाही का सांगायचं!" पथ्य म्हणाली. "कधीपर्यंत?" "परत जाईपर्यंत." संशय कुणालाच आला नाही. दुसरी कुणी असती तर पथ्यने चार टोमणे मारले असते, पण सुईच्या नेमाची दोघीही कधी चेष्टा करत नसत. ती त्यांच्यातली एकच हद्द होती. मेट्रनने स्वतःची वाटी हळूच बाजूला सारली. "मग आम्हीही नाही." "अहो, काहीतरीच काय! तुम्ही खा ना. मी बसते तुमच्याबरोबर." "डबा बंद तर बंद," मेट्रन म्हणाली. पथ्यने आपल्या वाटीत एकदा खोल पाहिलं, विहिरीत पडलेली घागर बघावी तसं, आणि चमचा खाली ठेवला. मालक धावत आला. "काही चुकलं का हो?" "चुकलं असतं तर फार बरं झालं असतं," पथ्य म्हणाली, आणि त्या तिघी उठल्या.

याचा तिने विचारच केला नव्हता. तिला वाटलं होतं, त्या खातील आणि आपण बघत बसू. आईच्या बाबतीत तसंच व्हायचं. कुणाच्याही घरी जेवायला बोलावलं की आई जायची, हसायची, वाढायला लागायची, आणि कुणी आग्रह केला की म्हणायची, मी बाहेरचं खात नाही, नेम आहे माझा. माणसं कौतुकाने बघायची आणि जेवायला लागायची. वडिलांना तर त्या नेमाचा अभिमान होता, ते चारचौघांत सांगायचे, "आमच्या हिचं वैराग्य बघा." मामाच्या मुलीच्या लग्नात सुई लहान होती, परकर आवरत पंगतीत बसली होती, आणि शेजारची जागा तिने रुमाल टाकून धरून ठेवली होती. इथे आई बसणार आहे, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत होती. आई समोरून दोनदा गेली. हातात काहीच नव्हतं तिच्या; वाढणाऱ्यांना नुसतं तोंडाने सांगत होती, इकडे आणा, तिकडे बघा. मग कुणीतरी जाड्या काकू आल्या आणि रुमालावर बसल्या. त्या दिवशी तिला देवाचा राग आला होता. इतक्या सगळ्या बायका जेवतात, आणि याला आमचीच आई उपाशी कशी लागते? पुढे मोठी झाल्यावर तो राग गेला आणि त्या जागी आदर आला. आता या मागच्या सीटवर, मांडीवर शेंगदाण्यांची पिशवी घेऊन, तिला एकेक गोष्ट आठवू लागली आणि आठवता आठवता उलटी फिरू लागली. दिव्याभोवती कायम सांडलेलं तेल, ज्याचा दोष आई वातीला द्यायची. सुईत दोरा ओवायला आई तिला हाक मारायची, डोळ्यांनी दिसत नाही गं म्हणून. आणि त्याच डोळ्यांनी दूरवरून येणारा माणूस ओळखायची. हातात काही न घेता वाढणारी आई. वैराग्य नव्हतं ते. आईचा हात कापत होता. सगळा जन्मभर, सगळ्या घरासमोर तो कापत होता, आणि घराने त्याला हात जोडले होते.

"किती सुंदर!" मेट्रन म्हणत होती. गाडी एका कड्यापाशी थांबली होती. खाली धबधबा होता, त्याचा आवाज आधी येत होता आणि तो नंतर दिसत होता. प्रवासी फोटो काढत होते. कठड्याशेजारी एका गाड्यावर कुणीतरी मक्याची कणसं भाजत होतं आणि तो वास वाऱ्याबरोबर येऊन पथ्यच्या तोंडावर बसत होता. "सुंदर आहे," पथ्य म्हणाली. "पाणी आहे. वरून खाली पडतंय. बघितलं. चला." मेट्रन खो खो हसली. सुईही हसली. पथ्यने पिशवीतलं एक केळं काढलं, त्याचे तीन तुकडे केले, मोठा सुईला दिला. "तुझ्या नेमाच्या पुण्यातलं थोडं आम्हालाही मिळेल ना गं? वर गेल्यावर मी सांगणार आहे, मशरूमचं सूप सोडून आलेय, जरा चांगल्या खोलीत ठेवा." सुईने केळं घेतलं. केळं बरं होतं. बोट ओठाला टेकवता यायचं. बियांचं, शेंगदाण्यांचं, खजुरांचंही तसंच. आईच्या पदराच्या गाठीत कायम खजूर असायचे, ते का, हेही तिला तिथे कड्यावर उभं राहून कळलं, आणि धबधब्याचा आवाज एवढा मोठा होता म्हणून बरं झालं.

मुक्कामाच्या घरी पहाटे ती उठली तेव्हा दोघी झोपल्या होत्या. तिथे दिवा लावायची मुभा नव्हती, सगळं घर लाकडाचं, म्हणून ती खिडकीशी नुसतीच बसली. बाहेर डोंगर अजून काळा होता आणि त्याच्या कडेला फिकट उजेडाची रेघ होती. तिने डोळे मिटले. शब्द यायला हवे होते. इतकी वर्षं ते आपोआप यायचे, दार ढकलायच्या आधीच उघडं असायचं. आज ते येईनात. पहिलाच शब्द घशात आला आणि तिथेच बसला. नेम म्हणून मी काल काय सांगून आले, असं तिने त्याला विचारलं. त्याला म्हणजे ज्याच्याशी ती रोज बोलायची. उत्तर आलं नाही, यायचंही नसतं. पण त्या गप्प बसण्यात राग नव्हता एवढं तिला जाणवलं. मग तिने आईचं विचारलं. आईचा नेम खोटा होता, पण पाळला तर खराच होता ना? उपाशी तर ती खरीच राहिली. ते तू कशात धरलंस? आणि हे विचारताना तिला पहिल्यांदाच दिसलं की आईला भूक जेवणाची नव्हती. जेवण ती घरी येऊन, सगळे निजल्यावर, मिटल्या दाराआड जेवायचीच. तिला पंगत मिळाली नाही. शेजारी कुणीतरी धरून ठेवलेली जागा तिला दोनदा समोरून जाताना दिसली असेल, रुमालासकट, आणि ती बसली नाही. पलंगावर पथ्य कूस बदलत झोपेत काहीतरी पुटपुटली. लोणी म्हणाली असावी. खिडकीशी बसलेल्या सुईला हसू आलं, आणि हसण्याबरोबर डोळ्यांतून पाणी, आणि मौन असल्यामुळे दोन्ही तिने आवाज न करता केलं.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा घाट चढू लागली. वर चढत गेलं तशी हवा पातळ आणि थंड होत गेली. पथ्यचं डोकं दुखत होतं. ती कपाळ काचेला लावून बसली होती आणि एरवी प्रत्येक पाटीवर काहीतरी बोलणारी ती, पाट्या तशाच जाऊ देत होती. मेट्रनने एका वळणावर गियर चुकवला. गाडी गचका खाऊन मागे सरकली, मग थांबली. मेट्रनने हँडब्रेक ओढला. "काही नाही," ती म्हणाली. "रिकाम्या पोटी माझं असं होतं. एक खजूर दे गं." सुईने पिशवी पुढे केली. मेट्रनने न बघताच खजूर घेतला, आणि सुईला वाटलं, आत्ता, आत्ता सांगावं. पण गाडी सुरू झाली. सांगायचं म्हणजे नुसतं हाताचं सांगायचं असतं तर तिने सांगितलं असतं. सांगायचं होतं ते असं, की तुम्ही माझ्या देवाला मान दिलात आणि मी त्याला पडद्यासारखं वापरलं. आणि त्याच्याही खाली होतं ते असं, की मी अजून लोकांच्या शिरेत सुई घालते.

खिंडीत वाऱ्याने वाकलेलं एक घर होतं, त्याच्या धुराड्यातून सरळ धूर निघत होता आणि दाराशी गाड्या लागल्या होत्या. सगळ्या सहलीत पथ्यने ज्याचं नाव सगळ्यात जास्त घेतलं होतं ते हेच. भट्टीतला पाव आणि बटाट्याचं दाट सूप. मेट्रनने गाडी लावली. पथ्य हलली नाही. "तुम्ही जा, हातपाय मोकळे करून या," ती म्हणाली. "मी बसते इथेच. काचा लावून घ्या. नुसता वास घेऊन मला रडू येईल, आणि या वयात सुपासाठी रडलेलं बरं दिसत नाही." ते ती हसत म्हणाली. पण डोळे मिटूनच म्हणाली, आणि तिचा गोल, गमत्या, कायम काहीतरी चघळणारा चेहरा थकलेला दिसत होता. सुईने तो चेहरा पाहिला आणि तिच्या मनातली सगळी वाक्यं, जी तिने कालपासून रचली होती, एका बाजूला सरली. ती उतरली, पुढचं दार उघडलं आणि पथ्यचा दंड धरला. "चल."

"कुठे?"

"आत. जेवायला."

"अगं, नेम मोडशील!"

"चल म्हणते ना."

आत ऊब होती, माणसांची आणि भट्टीची. मालकीण ठेंगणी, लालबुंद गालांची बाई, सगळ्या टेबलांमधून एकटीच पळत होती. सुईने तीन सूप सांगितली. दोघी तिच्याकडे बघत होत्या, बरं नसलेल्या माणसाकडे बघावं तशा. वाट्या आल्या. वाफ आली. तिने हात टेबलाखालून वर काढला, चमचा उचलला आणि वाटीत बुडवला. चमचा वाटीच्या काठाला लागला आणि वाजू लागला. ती थांबली नाही. चमचा वर आला, अर्धा रस्ता आला, सूप टेबलावर, बाहीवर, मेट्रनच्या चष्म्याच्या डबीवर उडालं, आणि जे उरलं ते तोंडात गेलं. गरम होतं. इतकं चांगलं होतं की क्षणभर ती कशासाठी हे करते आहे तेच विसरली. मग म्हणाली, "नेम नव्हता. हे होतं."

 पथ्यचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. "म्हणजे," ती म्हणाली, "कालचं सूप... ती कणसं... मी कालपासून माकडासारखे शेंगदाणे खातेय..." तिचा आवाज चढला आणि शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. "अगं, हात हलतो म्हणून? आणि मला वाटलं तू देवासाठी करतेयस! मी त्या केळ्याला नमस्कार करून खाल्लं गं!" "माझं चुकलं," सुई म्हणाली. "चुकलं काय, पाप आहे हे! मला सांगायचं नाही? मला? माझ्या गुडघ्याचं, माझ्या नवऱ्याच्या घोरण्याचं, मी काय सांगितलं नाही तुला?" आणि ती रडू लागली, चमचाभर सूप तोंडात घालत, रडत, पुन्हा चमचा भरत. मेट्रनने मात्र तेवढ्यात सुईचा हात ओढून आपल्या तळव्यावर घेतला होता. बोटं लांब कर. आता नाकाला लाव. आता सोड. "कधीपासून?" "सहल ठरल्यानंतर. कदाचित आधीपासूनही." "घरात कुणाला?" तेव्हा ती म्हणाली, "आईला होतं. आम्हाला कळलंच नाही. ती सांगायची, बाहेरचं खात नाही." ते वाक्य टेबलावर पडलं आणि पथ्यचा चमचा थांबला. मेट्रनने हात सोडला नाही. "आणि काम?"

"मनगट टेकवून करते. अजून चुकलं नाही."

"अजून."

"हो," ती म्हणाली. "अजून. म्हणून सोमवारी मी प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगणार आहे. चुकायच्या आधी." हे तिने ठरवलं नव्हतं. बोलताना ठरलं. आणि ठरल्यावर, ज्या रिकाम्या खुर्चीची तिला इतके दिवस भीती वाटत होती, ती खुर्ची तिने डोळ्यांसमोर आणून पाहिली. त्यात प्रयोगशाळेत नुकतीच लागलेली, लांब वेणीची मुलगी बसली होती, जिला शीर सापडली नाही की कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या. तिच्या मागे कुणीतरी उभं होतं आणि म्हणत होतं, डोळे मिट, बोटाला बघू दे. ते कोण होतं ते तिला ओळखू आलं. दुखायचं तेवढं दुखलंच. पण ते आता तिच्या एकटीच्या मांडीवर पडून नव्हतं. "आणि त्याच्या आधी मेंदूच्या डॉक्टरांकडे," मेट्रन म्हणाली. "याला औषधं असतात. सगळ्यांना लागू पडतातच असं नाही, पण असतात. मी येते बरोबर." "या. पण बाहेर बसा. आत मी एकटी जाईन." "बघ, लागली का हुकूम सोडायला," मेट्रन पथ्यला म्हणाली, आणि आपला चमचा उचलला.

तिघी जेवू लागल्या. सुई सांडत होती आणि खात होती. पथ्यने काही न बोलता वाटीखाली एक रुमाल सरकवला, मग तोही भिजला, मग तिने स्वतःच्या गळ्याला एक बांधला आणि म्हणाली, "मलाही सांडायचंय. कालपासूनचं बाकी आहे." बाहेर ढग खिंडीत शिरत होते आणि काचेवरून पुढे जात होते; मध्येच डोंगर दिसायचा, मध्येच नाही. सुईच्या मनात कुठेतरी एक पंगत बसली होती. तिथे आई होती की नव्हती हे तिला नीट दिसेना, पण कुणीतरी सरकून जागा करत होतं. पहाटे घशात अडकलेला तो पहिला शब्द आता, भर जेवणात, गरम बटाट्याबरोबर सुटला आणि मागचे सगळे त्याच्यामागून येऊ लागले. तिने ते येऊ दिले, आणि खात राहिली. पाव संपला. मालकीण पार त्या टोकाला, भट्टीपाशी, पाठमोरी होती. तिला बोलवायचं म्हणून सुईने हात वर केला, सगळ्या टेबलांच्या वर, होता तसा. तो हवेत चांगलाच थरथरत होता. मालकीण वळली आणि लांबूनच तिला दिसलं की कुणीतरी आपल्याला जोरजोरात हात हलवून बोलावतंय. ती हसली, हातातली टोपली घेऊन टेबलं चुकवत निघाली. "आले गं बाई, आले," ती ओरडली, "एवढी भूक लागली होय!"

"हो," सुई म्हणाली. "फार."